बुधवारच्या बाटल्या

१

कॉम्प्युटर म्हणत होता की बाईंना खोटी गोळी चालू आहे, आणि त्यांच्या रक्तात सापडली खरी. या एवढ्या विसंगतीसाठी मला बोलावून घेतलं होतं.

माझं काम औषधांच्या अभ्यासांवर नजर ठेवायचं. आज या इस्पितळात, उद्या त्या. लोकांच्या चुका शोधणाऱ्या माणसाला सगळीकडे चहा मिळतो, बिस्किट मिळत नाही, याची मला सवय झाली आहे. इथे तर चहासुद्धा गार होता.

"बसा ना," मोठे डॉक्टर म्हणाले आणि स्वतः मात्र खिडकीपाशी उभे राहिले. बरेच दिवस नीट झोप न झालेला माणूस दिसत होता. त्यांनी सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते.

अभ्यास स्तनाच्या कॅन्सरचा होता. गाठ अगदी लवकर सापडलेल्या, ऑपरेशन होऊन घरी गेलेल्या बायका. त्यांतल्या निम्म्या जणींना मधुमेहाची एक जुनी, साधी गोळी द्यायची आणि निम्म्या जणींना तशीच दिसणारी, आत औषध नसलेली खोटी गोळी. मधुमेह यांपैकी एकीलाही नाही. पण मधुमेहासाठी ही गोळी घेणाऱ्या बायकांचा कॅन्सर कमी वेळा उलटतो असं काही ठिकाणी दिसलं होतं, काही ठिकाणी अजिबात दिसलं नव्हतं. खरं काय ते एकदा नीट बघायचं होतं. कुणाला कुठली गोळी मिळते हे बाईला माहीत नसतं, नर्सला नाही, डॉक्टरलाही नाही. ते फक्त फार्मासिस्टच्या कुलूपबंद कॉम्प्युटरला ठाऊक.

ज्यांच्यावरून हे सगळं सुरू झालं त्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या, आता निवृत्त. इस्पितळात सगळे त्यांना 'कॅप्टन' म्हणत. पोटाला संसर्ग झाला, उलट्या थांबेनात, म्हणून लेकीने भर दुपारी त्यांना आणलं तेव्हा त्यांना धाप लागली होती.

"अशा वेळी पहिली शंका त्या गोळीवर जाते," डॉक्टर म्हणाले. "शरीरातलं पाणी कमी झालं, किडनी थकली, की गोळी आत साचत जाते आणि रक्तात आम्ल चढतं. म्हणून त्यांना कुठली गोळी आहे ते बघायला आम्ही लगेच फार्मासिस्टकडचा कोड उघडला. तिथे होतं, खोटी गोळी. मग आम्ही तो रस्ता सोडून दिला आणि दुसरीकडे शोधत बसलो."

"आणि?"

"दुसऱ्या दिवशी किडनी बंद पडली. अतिदक्षता विभागातल्या एका हट्टी डॉक्टर पोरीने तरीही रक्त तपासायला पाठवलं. गोळी ठासून भरली होती. आता डायलिसिसवर आहेत, शुद्ध नाही." ते एकदम माझ्याकडे वळले. "लेकीने तक्रार केली आहे. बाटल्या सिस्टर वाटतात, कपाटाची किल्ली सिस्टरकडे. शुक्रवारी समिती बसेल. तोवर दुसरं उत्तर निघालं नाही तर प्रकरण पोलिसांकडे जाईल, आणि कागदावर सिस्टरचं नाव असेल."

तो मंगळवार होता.

"तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं.

"मला विचारू नका," ते म्हणाले. "या अभ्यासात माझी सात वर्षं गेली आहेत. निकाल चांगला यावा असं सगळ्यात जास्त कुणाला वाटत असेल तर मलाच. तुमच्या यादीत मलाही धरा."

धरलंच होतं.

२

औषधभांडार तळघरात होतं. फार्मासिस्ट एवढा टापटिपीचा की पेनांचीसुद्धा उंचीप्रमाणे रांग लावलेली. त्याने माझ्यासमोर कॉम्प्युटर उघडला, आकडे दाखवले, सीलबंद बाटल्यांची खोकी दाखवली. सील शाबूत, क्रमांक बरोबर.

"दोन गोळ्यांत फरक कळतो का?"

"छे. रंग तोच, वजन तेच, आकार तोच. मोठ्या डॉक्टरांनी तर सुरुवातीला जिभेवर ठेवून बघितल्या. दोन्ही सारख्याच कडू."

"तुम्ही बघितलंत?"

"मॅडम, इतकी वर्षं औषधांत काढल्यावर माझं नाक, जीभ दोन्ही निवृत्त झालेत. घरी भाजी करपली तरी बायको सांगते तेव्हा कळतं." तो हसला, मग हसणं शोभत नाही हे त्याच्या लक्षात आलं. "मी चूक केली असेल तर इथे केली असेल, लेबल लावताना. पण मी केली नाही."

बहुतेक जण हेच म्हणतात. फरक इतकाच की हा कपाळावरचा घाम पुसत नव्हता.

सिस्टर वर, तिच्याच खोलीत, खोकी भरत बसली होती. तिला कामाचा ताबा सोडायला सांगितलं होतं. पन्नाशीची, आडव्या बांध्याची, आवाज असा की कॉरिडॉरच्या टोकाचा पेशंटही गोळी गिळेल. मी ओळख सांगितली तशी तिने माझ्यापुढे स्टूल सरकवलं आणि पुन्हा खोकं भरायला घेतलं.

"तुम्ही बाटल्या बदललेल्या नाहीत."

"नाही."

"कुणी बदलल्या असतील?"

"माहीत नाही."

"तुमची मोठी बहीण याच आजाराने गेली म्हणे. कुणाला वाटू शकतं की तुम्हाला दया आली, आणि एखाद्या बाईला तुम्ही मुद्दाम खरी..."

तिने हातातला गठ्ठा खाली ठेवला. "मॅडम, दया यायचीच असती तर सगळ्यांचीच आली असती. एकट्या कॅप्टनची कशाला? आणि खरी कुठली, खोटी कुठली, हे मला ठाऊक तरी आहे का?"

मुद्दा बिनतोड होता. मला राग येतो अशा माणसांचा, जी बरोबर बोलतात आणि स्वतःच्या बचावासाठी एक शब्द जास्त खर्च करत नाहीत. मी तिला कामाची पद्धत विचारली, ती मात्र तिने सविस्तर सांगितली. बायकांचे दोन गट. एक सोमवारी येतो, एक बुधवारी. आल्या आल्या प्रत्येकीने जुनी बाटली उरलेल्या गोळ्यांसकट परत द्यायची आणि नवी घ्यायची. मग डॉक्टरांकडे नंबर लागेपर्यंत थांबायचं. कधीकधी अख्खी सकाळ जाते.

"नव्या बाटल्या घेऊन बसून राहतात?"

"मग काय करणार? बाटल्या पर्समध्ये, गप्पा तोंडात. सोमवारच्या आपापला फोन बघतात. बुधवारच्या मात्र खास आहेत. सगळं कॅप्टनचं राज्य." पहिल्यांदाच तिचा आवाज हलला. "त्यांना शुद्ध आली की मला कळवाल? मला त्या विभागात जायला मनाई आहे."

मी हो म्हटलं. आणि मनात शंकेची पाल चुकचुकली: जिच्यावर आळ आहे ती बाई, आळ घेणारीच्या आईसाठी एवढी का हळहळते?

३

बुधवारी नव्या बाटल्या मिळणार नव्हत्या, अभ्यास थांबवला होता. तरी बुधवारच्या बायका आल्या. मी कोपऱ्यातली खुर्ची पकडली. भिंतीला लागून बाकं, मध्ये एक बुटकं टेबल आणि टेबलावर बिस्किटांचा जुना मोठा पत्र्याचा डबा, त्यात लोकरीचे गुंडे. सगळ्या विणत होत्या. केमोथेरपीने केस गेलेल्या बायकांसाठी टोप्या. हाही कॅप्टनचाच नियम, असं कळलं. नुसतं बसायचं नाही.

माझ्या शेजारी एक टेलरबाई होती. गळ्यात मोजायची टेप तशीच, काढायला विसरलेली. ऑपरेशन झालेल्या बायकांच्या कपड्यांना आतून कापसाचा खिसा शिवून देते, इतका बेमालूम की नवऱ्यालाही कळत नाही, असं तिने सांगितलं आणि स्वतःच हसली. तिच्या पलीकडे जी होती तिला सगळ्या 'धाकटी' म्हणत. तिशी नुकती उलटलेली, घरी दोन लहान मुलं. ती मान वर करतच नव्हती.

"गोळीचा त्रास होतो का हो?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"पहिल्या वर्षी फार व्हायचा," टेलरबाई म्हणाली. "पोटाचं काही खरं नसायचं. दुकानात गिऱ्हाईक उभं आणि मी आत पळतेय. आता नाही. सवय झाली."

"बाकीच्यांना?"

एकीने खांदे उडवले. दुसरी टाके मोजत होती, ती पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली. धाकटी उठून पाणी प्यायला गेली. बायका एकत्र बसल्या आहेत आणि दुखण्याबद्दल बोलायला कुणी तयार नाही, असं मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

तेवढ्यात झाडणारा मामा टेबलाखालून झाडू फिरवत म्हणाला, "या खोलीला बुधवारी कसला वास येतो कळत नाही. सोमवारी येत नाही. मासळीचा डबा आणू नका म्हणून पाटी लावायला पाहिजे."

टेलरबाईने पटकन लोकरीच्या डब्याचं झाकण लावलं.

"लोकर ओली राहते," ती म्हणाली.

मला वास आला होता. कोंदट, ओल्या मोज्यांसारखा, आणि त्यात जरा मासळीचा. लोकर मी हातात घेऊन बघितली. ती खडखडीत कोरडी होती.

४

कॅप्टनची लेक अतिदक्षता विभागाबाहेरच्या खुर्चीवर भेटली. शाल मांडीवर, फोन शालीवर, आणि नजर त्या दारावर. तिने मला एका दमात सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "त्या सिस्टरला सोडू नका, मॅडम."

"तुझ्या आईशी सिस्टरचं वैर होतं?"

"उलट. आईचा फार जीव तिच्यावर. म्हणूनच मला जास्त चीड येते."

मी घरचं विचारलं. तिच्या वडिलांना मधुमेह असल्याचं डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, आणि उत्तर इतकं सोपं असतं तर मला बरंच वाटलं असतं. आईने चुकून वडिलांची गोळी घेतली असेल का?

"बाबांची ती गोळी केव्हाच बंद झाली. आता फक्त इंजेक्शन. घरात एक पाकीट नाही. मी पहिल्याच दिवशी कपाटं पालथी घातली." तिने माझ्याकडे रोखून बघितलं. "मलाही आधी तीच शंका आली होती. मी मूर्ख नाही."

"नाहीच. अभ्यासातल्या गोळीने आईला कधी त्रास झाला?"

"सुरुवातीला काहीच नाही. वर्षभर ती चिडवायची, मला नुसता खडू दिलाय म्हणून. नंतर मग पोट बिघडायला लागलं. मी म्हटलं बंद कर, तर म्हणे एकही चुकवायची नाही, सगळ्यांचं ठरलंय. उलट्या होत होत्या तरी पाण्याबरोबर घेत होती."

"सगळ्यांचं काय ठरलंय?"

"ते बुधवारवाल्यांचं काहीतरी. आईला गट लागतोच. शाळेतही तसंच. खेळाच्या तासाला संघ पाडायची तेव्हा चपळ पोरं एका बाजूला गेलेली तिला खपायची नाहीत. अर्धी इकडे, अर्धी तिकडे. नाहीतर खेळच सुरू करू द्यायची नाही. मी तिच्याच शाळेत होते, मला कायम लंगड्या संघात टाकायची."

ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मला ते नीट जमत नाही, पण ठेवला.

"मॅडम, मला खरं म्हणजे भीती वाटते," ती हळूच म्हणाली. "आजीला झाला होता. आईला झाला. माझी तपासणी दर वर्षी होते आणि रिपोर्ट यायच्या आधी मी जेवत नाही. आई म्हणायची, या गोळीचा निकाल लागेल तोवर तू मोठी होशील, तुझ्या वेळेला सगळं सोपं असेल. त्यासाठी ती यात शिरली होती. स्वतःसाठी नाही."

मी तिथून निघाले तेव्हा एकच गोष्ट डोक्यात घोळत होती. टेलरबाईचा त्रास जेव्हा थांबला, जवळपास तेव्हाच कॅप्टनचा सुरू झाला होता.

५

गुरुवारी सकाळी मी फार्मासिस्टला परत आलेल्या बाटल्यांची खोकी काढायला लावली. त्याने मोजायचं ताट आणून दिलं.

"मोजायच्या नाहीत," मी म्हटलं. "हुंगायच्या आहेत."

त्याने माझ्याकडे याही बाईचं काहीतरी बिघडलंय अशा नजरेने बघितलं.

आधी सीलबंद बाटल्या. मोठ्या डॉक्टरांची परवानगी घेऊन मी काही उघडल्या. एकीला वास, तोच, ओल्या मोज्यांचा आणि मासळीचा. दुसरीला काही नाही. तिसरीला नाही. चौथीला वास. मोठ्या डॉक्टरांनी सुटी गोळी उघड्यावर जिभेवर ठेवून बघितली होती, तिथे तो उडून गेला असणार. बंद बाटलीत मात्र तो साचून राहतो आणि झाकण काढलं की नाकात शिरतो. म्हणजे खरी कुठली आणि खोटी कुठली हे गुपित, सात वर्षं, घरोघरी सकाळी झाकण उघडणाऱ्या प्रत्येक बाईला कळण्यासारखं होतं.

मग सोमवारच्या परत आलेल्या बाटल्या. काहींना वास, काहींना नाही. जसं असायला हवं तसं.

मग बुधवारच्या. पहिली उघडली, वास. दुसरी, वास. तिसरी, वास. मी खुर्ची ओढून बसले आणि अख्खं खोकं संपवलं. बुधवारची एकही बाटली बिनवासाची नव्हती.

"सगळ्यात जुनं खोकं आणा," मी म्हटलं. "बुधवारचंच, पहिल्या वर्षाचं."

त्यात काहींना वास होता, काहींना नव्हता.

फार्मासिस्ट आता माझ्याइतकाच पुढे वाकला होता. "म्हणजे काय, मॅडम?"

"म्हणजे तुम्ही सुटलात. तुमच्याकडून निघालेल्या बाटल्या बरोबर आहेत. सिस्टरही सुटली. तिने काही केलं असतं तर सोमवारीही केलं असतं, किल्ली तीच, कपाट तेच. डॉक्टरही तेच. सोमवार आणि बुधवार यांत बदलतं काय? फक्त बायका."

"पण बायका कशाला..."

"ते विचारायलाच चालले आहे."

६

टेलरबाईचं दुकान म्हणजे दोन शटरांच्या मधली एक फट. एक मशीन, इस्त्रीचं टेबल, भिंतीवर कागदी कापणीचे नमुने. कपड्यांच्या फळीवर तो बिस्किटांचा डबा होता. कॅप्टन नाही म्हटल्यावर तो तिच्याकडे आला असणार.

मी तो खाली काढला आणि लोकर बाजूला केली. तळाशी पांढरी बारीक भुकटी होती. गोळ्या एकमेकींवर घासल्या की पडते तशी.

तिने मशीनवरचा पाय काढला.

"वास माझ्या बाटलीला होता," ती म्हणाली. कुणी काही विचारायच्या आत, जणू ती बरेच दिवस हे वाक्य तोंडात धरून बसली होती. "कॅप्टनच्या नव्हता. धाकटीच्या नव्हता. वासवाल्यांचीच पोटं बिघडायची, त्यामुळे खरी कुठली ते आम्हाला कळायला वेळ लागला नाही. एक दिवस धाकटी रडायला लागली. म्हणाली, माझी पोरं एवढीशी आणि मलाच खोटी. मी म्हटलं, माझी घे, माझं पोट तरी सुटेल. तशी कॅप्टन म्हणाली, असं एकटीने उदार व्हायचं नाही. सगळ्यांना सारखं."

"आणि डब्यात ओतल्या."

"सगळ्या बाटल्या. ढवळल्या, पुन्हा भरल्या. दर वेळी नवी बाटली मिळाली की हेच. वर लोकर ठेवायची. सिस्टर दोनदा आली, म्हणाली लोकर वाळवा गं." तिने टेप गळ्यातून काढून मांडीवर ठेवली. "आम्ही वाईट नव्हतं केलं, मॅडम. मला खरी मिळत होती, मी अर्धी सोडली."

मला तिच्याबद्दल आदर वाटला आणि त्याच क्षणी मी विलक्षण संतापले.

"मग सिस्टरला का अडकू दिलंत?"

"कॅप्टन उठेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही, असं ठरलं. बोललो तर सगळ्यांच्या गोळ्या कायमच्या बंद होतील."

"आणि कॅप्टनला आणलं त्या दुपारी? तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

ती मशीनच्या चाकावर हात ठेवून बसली.

"लेकीने मला फोन केला होता," ती म्हणाली. "मी तिथेच होते, दाराशी. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, त्यांना खोटी गोळी आहे, गोळीचा प्रश्न नाही. मी ऐकलं. मला वाटलं, चला, गोळीमुळे काही नाही म्हणजे बरंच झालं. मी घरी जाऊन स्वयंपाक केला." तिचा आवाज बारीक होत गेला. "दुसऱ्या दिवशी कळलं, त्या एका दिवसाने काय केलं ते. मी दोन शब्द बोलले असते तर त्यांनी लगेच डायलिसिस लावलं असतं ना?"

हो, लावलं असतं. खोटं बोलणं मला जमलं असतं, पण तो माझा पेशा नाही.

"उद्या समितीपुढे या," मी म्हटलं. "सगळ्या जणी."

७

शुक्रवारी त्या सगळ्या आल्या. धाकटीच सगळ्यांत आधी बोलली. सिस्टरवरचा आळ गेला. तिला आत बोलावलं तेव्हा टेलरबाई उठून तिच्या पाया पडायला गेली, तर सिस्टरने तिला दंडाला धरून खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, "लोकर वाळवा सांगत होते मी. माझंही नाक कापून ठेवा त्या डब्यात." कुणी हसलं नाही. लेक माफी मागायला सिस्टरच्या समोर उभी राहिली. सिस्टरने तिला विचारलं, "आज काही खाल्लंस का?"

मोठे डॉक्टर मात्र समोरच्या यादीतली नावं एकेक करून खोडत होते. बुधवारच्या सगळ्या बायका हिशेबातून बाद झाल्या होत्या. सगळ्यांच्या पोटात अर्धी खरी, अर्धी खोटी. कुणाची तुलना कुणाशी करणार? राहिला फक्त सोमवार.

कॅप्टनला शनिवारी शुद्ध आली. किडनीला मात्र आली नाही. ती पुढेही येईल असं कुणी सांगत नव्हतं. मी आत गेले तेव्हा लेक पायथ्याशी बसली होती. कॅप्टन उशीला टेकून, मानेला डायलिसिसच्या नळीची पट्टी, डोळे मात्र लख्ख.

"मला कळलं सगळं," ती म्हणाली. "मी केलं ते कबूल. पण मला एक सांगा, मी सगळ्यांना सारखं दिलं. यात कुणाचं वाईट केलं?"

मी बाकीचं बोलणार होते, सिस्टरचं, तिच्या स्वतःच्या किडनीचं. पण ते तिला माहीत होतं.

"ती गोळी चांगली आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"मग देता कशाला?"

"ते बघायलाच. उपयोग असेल, नसेल, अपाय असेल. कुणालाच ठाऊक नाही. खरी घेणाऱ्या आणि खोटी घेणाऱ्या, दोघींत पुढे काही फरक पडतो का, एवढाच प्रश्न होता. तुम्ही दोन्ही संघ एक करून टाकलेत, कॅप्टन. आता कोण जिंकलं ते कुणाला सांगता येणार?"

तिने नजर छताकडे वळवली. खेळ काय असतो हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं, त्यामुळे मी पुढे समजावत बसले नाही.

बोलली ती लेक. रागाने नाही, खरंच जाणून घ्यायला विचारावं तसं. "म्हणजे आई, माझ्यावर वेळ आली तर मला सांगायला यांच्याकडे काही नसेल?"

कॅप्टनने डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते पुसायला तिचा हात नळ्यांमुळे वर जाईना. लेकीने पुसलं.

"सोमवारच्या अजून आहेत ना?" थोड्या वेळाने कॅप्टनने विचारलं.

"आहेत."

"मला न्या तिकडे."

समितीला अभ्यास तिथल्या तिथे गुंडाळायचा नव्हता. सोमवारचा गट पुढे चालू ठेवायचा ठरलं, फक्त आता प्रत्येक बाटलीच्या झाकणात फार्मासिस्ट एकसारख्या उग्र वासाची पुडी घालणार होता आणि बाटली डॉक्टरांना भेटून निघताना हातात मिळणार होती. मी कॅप्टनला एक अट घातली. वासाचा उल्लेख करायचा नाही. तुम्हाला काय कळलं, कसं कळलं, एक अक्षर नाही. ज्यांच्या लक्षात आलं नसेल त्यांच्या येऊ द्यायचं नाही.

"मग मी सांगू काय?" ती म्हणाली.

"ते तुम्ही बघा."

आठवड्याभराने, सोमवारी सकाळी, लेकीने तिची चाकाची खुर्ची ढकलत त्या खोलीत आणली. सोमवारच्या बायकांनी फोनमधून माना वर केल्या. मानेवरची पट्टी, सुजलेले पाय, मांडीवर पांघरूण. शाळेतल्या मैदानावर जिचा आवाज पलीकडच्या टोकाला जायचा, तिचं बोलणं ऐकायला सगळ्यांना पुढे सरकावं लागलं.

"आपापली बाटली आपल्यापाशी ठेवा," ती म्हणाली. "शेजारणीला देऊ नका, तिची घेऊ नका. उलट्या झाल्या तर घेऊ नका आणि लगेच इथे या. मी हे सगळं उलटं केलं. माझ्याकडे बघून घ्या."

मग खिडकीजवळची एक बाई, डोक्याला रुमाल बांधलेली, म्हणाली, "ताई, मला आपली खोटीच मिळाली असेल तर? मी रोज उगाच खायची का?"

मी दारात उभी होते. याच प्रश्नावर कॅप्टनने एकदा सगळ्यांच्या बाटल्या डब्यात ओतल्या होत्या. तिने मान वळवून मागे, खुर्चीची मूठ धरून उभ्या असलेल्या लेकीकडे बघितलं.

"खोटी असली तरी खा," ती म्हणाली. "ही माझी मुलगी. हिच्यासाठी खा."

रुमालवाल्या बाईने लेकीकडे बघितलं, बराच वेळ. मग फोन पर्समध्ये टाकला आणि मान डोलावली. सिस्टरने पुढचा नंबर पुकारला.